सर्वांगासन: आधी खांदे, मग पाय

पाठ वर जातच नाही, कंबर हातातून निसटते, मान अवघडते, घसा आवळल्यासारखा होतो. सर्वांगासनाबद्दल, म्हणजे खांद्यांवर उभं राहून पाय वर न्यायच्या आसनाबद्दल, मला जे काही विचारलं जातं ते फिरून फिरून यातलंच काहीतरी असतं, मग विचारणारी विशीतली असो की साठीतली. आणि या सगळ्या तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी आहे, खांद्यात. सगळ्यांचं लक्ष पायांकडे, पाय सरळ झाले का, वर गेले का, फोटोत कसे दिसतायत, आणि ज्यांच्यावर सगळा डोलारा उभा राहायचाय ते खांदे मात्र कसेतरी जमिनीवर पसरलेले. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, कारण हे आसन माझं फार लाडकं आहे आणि ते घाईघाईत करून मान धरून बसलेली माणसं बघितली की जीव तुटतो.

आधी मानेचं बोलू. मानेत सात मणके. बसल्या बसल्या हनुवटी छातीकडे झुकवून बघा, जोर न लावता. बहुतेकांची मान साधारण ४५ ते ५० अंश पुढे येते, वय झालेलं असेल किंवा दिवसभर लॅपटॉपसमोर बसणं असेल तर त्याहून कमीच. आता सपाट जमिनीवर सर्वांगासन केलं आणि अंग अगदी सरळ उभं नेलं तर डोकं आडवं आणि धड उभं, म्हणजे मधे जवळजवळ काटकोन झाला. मग उरलेले अंश आणायचे कुठून? एकतर माणूस पाठीला पोक काढून, वजन पाठीवर घेऊन अर्धवट तिरका उभा राहतो (हे त्यातल्या त्यात बरं), नाहीतर जिद्दीने सरळ होतो आणि मानेच्या मागचे लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, ताणत बसतो. मान संपते तिथे मागच्या बाजूला हाताला एक टणक उंचवटा लागतो ना, तो सातवा मणका. तो जमिनीत रुतत असेल, आसनानंतर तिथली कातडी लाल दिसत असेल तर समजायचं की वजन खांद्यांवर आलेलंच नाही, मानेवर आलंय.

यावरचा तोडगा साधा आहे आणि तो आपल्या पुण्यातून जगभर गेला, खांद्याखाली ब्लँकेटच्या घड्या घ्यायच्या आणि डोकं खाली जमिनीवर ठेवायचं. खांदे वर, डोकं खाली, की मानेला वाकायला लागणारा कोन लगेच कमी होतो. बीकेएस अय्यंगार, ज्यांना पुण्यात सगळे गुरुजीच म्हणायचे, ते १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला म्हणून पुण्यात आले ते २०१४ मध्ये जाईपर्यंत पुण्याचेच राहिले. लहानपणी त्यांना मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं होऊन गेलेलं, शरीर अगदी काटकुळं, त्यामुळे दुखणाईत माणसाकडून आसन कसं करून घ्यायचं हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. वीट, पट्टा, खुर्ची, लोड, भिंतीतले दोर हे सगळं त्यांनी वापरात आणलं. शिवाजीनगरला हरेकृष्ण मंदिर रस्त्यावर त्यांची संस्था १९७५ साली सुरू झाली, तिथे आजही परदेशातून लोक येतात आणि आपण पुण्यात राहून कधी तिकडे फिरकत नाही. शीर्षासन आसनांचा राजा आणि सर्वांगासन आई, असं ते म्हणायचे. आई का, तर घरातली आई जशी सगळ्यांचं बघते तसं हे आसन सगळ्या शरीराचं बघतं अशी त्यामागची भावना. मला हे पटतं. शीर्षासन चढून जिंकायचं असतं, सर्वांगासनात थांबता येतं.

घड्यांबद्दल नीट सांगते कारण इथेच सगळे गडबड करतात. गादी नको, उशी नको, फोमची जाड मॅट तर नकोच नको, ते सगळं वजन पडल्यावर बसतं आणि तुम्ही होतात तिथेच. कडक काहीतरी हवं. घरात सोलापुरी चादरी असतील तर त्या झकास, जाड सुती, घडी घातली की घट्ट बसते, हलत नाही. प्रत्येक चादरीची अशी घडी घाला की खांदे आणि दोन्ही कोपरं आरामात मावतील एवढी रुंदी राहिली पाहिजे, मग एकावर एक ठेवा, सगळ्या मिळून दोन-अडीच इंच उंची झाली की सुरुवातीला पुरे, खांदे फार आखडलेले असतील तर अजून एखादी वाढवायची. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची, चादरीची एक कड सलग दुमडलेली असते, पुस्तकाच्या पाठीसारखी गोल, आणि समोरच्या कडेला सगळे सुटे पदर दिसतात. मानेकडे ती सलग कड आली पाहिजे आणि सगळ्या चादरींच्या सलग कडा एकावर एक बरोब्बर जुळल्या पाहिजेत, वरची एक इंच पुढे आणि खालची मागे असं झालं की खांदे उतरणीवर येऊन मानेकडे घसरतात. घड्यांवर योगा मॅट दुमडून टाकली तर कोपरं सरकत नाहीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिले काही दिवस नुसत्या घड्याच घालायला लावते आणि मग विपरीत करणी (भिंतीशी पाय वर टाकून झोपणं) करून घरी पाठवते, त्यांना वाटतं काकू फारच लावून धरतायत, पण त्या कडा जुळवण्यातच अर्धं आसन आहे.

आता चढायचं कसं. घडीवर असं झोपा की खांद्यांचा वरचा भाग कडेपासून दोन बोटं आत राहील आणि डोकं मागे जमिनीवर टेकेल. मानेखाली मोकळी जागा आहे ना बघा, हाताची बोटं सरकली पाहिजेत. मग गुडघे पोटाशी घेऊन, श्वास सोडत, पाय डोक्यामागे हलासनात. पायाची बोटं जमिनीपर्यंत जात नसतील, आणि बऱ्याच जणांची जात नाहीत, तर मागे आधीच एक स्टूल किंवा खुर्ची ठेवा आणि बोटं त्यावर टेकवा, यात कमीपणा काही नाही. हलासनातच खरं काम करायचं असतं. पाठीमागे हातांची बोटं एकमेकांत गुंफायची, हात ताठ करायचे, आणि जरासं डावीकडे झुकून उजवा खांदा आत, पाठीखाली गुंडाळायचा, मग उजवीकडे झुकून डावा. हे केल्यावर खांद्याची बाहेरची कड घडीवर येते, पाठ एकदम उचलली जाते आणि छाती उघडते. कोपरं बाहेर पळत असतील तर कोपराच्या जरा वर पट्टा लावायचा, खांद्याएवढ्या अंतरावर, जुनी ओढणी बांधली तरी चालते. आता तळवे पाठीवर, जेवढे खांद्याच्या पात्यांच्या जवळ नेता येतील तेवढे, कंबरेवर नाही. कंबरेला हात लावून उभं राहणं म्हणजे सगळं वजन मनगटांवर आणि मानेवर. हात पाठीवर बसले की एक पाय वर, मग दुसरा.

वर गेल्यावर क्लासमध्ये एक सूचना हमखास ऐकू येते, हनुवटी छातीला दाबा. कृपा करून दाबू नका. हनुवटी जिथे आहे तिथेच राहू दे, छाती हनुवटीकडे आणायची. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं पण शरीरात अगदी उलट घडतं, पहिल्यात मान काम करते आणि घसा आवळतो, दुसऱ्यात पाठीचे स्नायू काम करतात आणि घसा सैल राहतो. जीभ, जबडा सैल, नजर छातीकडे, आणि वर असताना काहीही झालं, मोबाइल वाजला, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. चेहरा लालबुंद झाला, कानात दडे बसले, डोळ्यांवर ताण आला किंवा हाताला मुंग्या यायला लागल्या की थांबायचं आणि खाली यायचं, उद्या पुन्हा बघू. माझ्या ओळखीतल्या एकीला एका क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात सगळ्यांबरोबर एक दोन तीन म्हणून पाय वर टाकायला लावले, घडी नाही, हलासनाची तयारी नाही, आणि शिकवणारा पुढे उभा राहून मोठ्याने आकडे मोजतोय. तिचा हात पुढे कित्येक महिने बधिर व्हायचा. तिने योगच सोडला. आसनाचा काय दोष होता यात?

गुरुजींच्याही आधी लोणावळ्यात या आसनांकडे वेगळ्या नजरेने बघितलं गेलं होतं. स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू केलं. तेव्हा योग म्हटलं की एकतर चमत्कार नाहीतर थोतांड असं समजायचे लोक. आणि हे गृहस्थ नौली-उड्डीयान, म्हणजे पोट आत ओढायच्या नि घुसळायच्या क्रिया, करणाऱ्या माणसाचे एक्सरे काढतायत, सर्वांगासनात नि मत्स्यासनात रक्तदाबाचं काय होतं ते पट्टा बांधून मोजतायत. शंभर वर्षांपूर्वी! मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे तो यासाठी की आसन चांगलं आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि तरीही मोजून बघावंसं वाटलं.

मोजल्यावर कळतं काय, तर उभं असताना रक्त पायांकडे साठतं, ते वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू आणि शिरांमधल्या झडपा राबत असतात. पाय वर गेले की ते रक्त आपोआप हृदयाकडे परत येतं. मानेतल्या मोठ्या रोहिणीपाशी आणि छातीतल्या महारोहिणीत दाब ओळखणारे सेन्सर असतात, त्यांना वाटतं की दाब वाढला, ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाला सांगतो जरा सावकाश. नाडी मंदावते, शरीर विश्रांतीच्या बाजूला झुकतं. सर्वांगासनानंतर जे निवल्यासारखं वाटतं त्यामागे हे आहे, निदान बऱ्याच अंशी. आणि म्हणूनच शेवटी शवासनाच्या आधी हे आसन घेतलं तर शवासन लागतं, नाहीतर मन आपलं भाजी काय करायची यात.

जुन्या ग्रंथात याचं स्पष्टीकरण वेगळं आहे आणि ते मला तितकंच प्रिय आहे. हठप्रदीपिकेत सर्वांगासन हे नाव सापडत नाही, तिथे तिसऱ्या भागात विपरीत करणी आहे, मुद्रांमध्ये. टाळूपाशी चंद्र आहे, त्यातून अमृत पाझरतं, नाभीपाशी सूर्य आहे तो ते सगळं गिळून टाकतो आणि म्हणून शरीर म्हातारं होतं. मग करायचं काय, सूर्य वर आणि चंद्र खाली. किती सुंदर विचार केलाय बघा. पुढे असंही म्हटलंय की सहा महिन्यांनंतर सुरकुत्या नि पांढरे केस दिसेनासे होतात, ते काही खरं धरून चालू नका, केस पांढरे व्हायचे ते होतातच. पण त्याच ठिकाणी दोन सूचना आहेत त्या मात्र मी भिंतीवर लिहून ठेवाव्यात अशा मानते. एक, हे गुरूच्या सांगण्यातून शिकायचं. दुसरी, पहिल्या दिवशी डोकं खाली पाय वर फक्त क्षणभर, आणि मग रोज त्या क्षणाहून थोडंसं जास्त. क्षणभर! आणि आपण पहिल्याच दिवशी टायमर लावून तीन मिनिटं. आणखी एक गोष्ट तिथे सांगितलीय जी कुणी सांगत नाही, हे करणाऱ्याने भरपूर खाल्लं पाहिजे, कारण जठराग्नी वाढतो, उपाशी राहिलात तर तो शरीरालाच जाळतो. डाएटच्या नादात अर्धपोटी राहून वर ही आसनं करणाऱ्या मुलींसाठी हे मुद्दाम लिहिलं.

थायरॉइडबद्दल लिहिणं भाग आहे कारण अर्ध्याहून जास्त बायका त्यासाठीच हे आसन शिकायला येतात. कुणीतरी सांगितलेलं असतं की घशावर दाब येतो, ग्रंथीचं मसाज होतं, गोळी बंद होते. तर असं आहे, सर्वांगासनाने हायपोथायरॉइड (ग्रंथीचं काम कमी पडणं) बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. आपल्याकडे बऱ्याच जणींना हा त्रास होतो तो शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे, तिथे मान वाकवून काय होणार? सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी उपाशीपोटी घ्यायचीच, डॉक्टर सांगतील तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायची, डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांनी. आसनाने झोप सुधारते, थकवा कमी वाटतो, मन थाऱ्यावर येतं, हे मी पाहिलंय आणि एवढं कमी आहे का? पण एका ओळखीच्या बाईंनी चांगलं वाटतंय म्हणून परस्पर गोळ्या सोडल्या आणि सुजलेला चेहरा घेऊन डॉक्टरकडे गेल्या, तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी हे बोलून टाकते.

शीर्षासनाचं थोडं सांगते, आमच्या घरातलंच आहे. बाबा साताऱ्याकडचे, तालमीत वाढलेले, रोज पहाटे देवघराच्या भिंतीशी शीर्षासन. पंडित नेहरू शीर्षासन करायचे हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते खरंही आहे. साठी उलटली तरी पाय असे सरळ, हलायचे नाहीत. मग डोळ्यांच्या साध्या तपासणीला गेले आणि काचबिंदूची सुरुवात निघाली. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ एमएम (पाऱ्याचे) असतो, शीर्षासनात तो जवळजवळ दुप्पट होतो, हे मोजलेलं आहे आणि ते निरोगी डोळ्यातही होतं, खाली आलं की उतरतो. पण ज्याची डोळ्याची नस आधीच नाजूक झालीय त्याने रोज तो दाब का वाढवायचा? डॉक्टरांनी शीर्षासन बंद म्हणून सांगितलं. बाबा घरी येऊन म्हणाले, "अगं, उभ्या जन्मात माझं डोकं दुखलं नाही या आसनाने, आणि आता हे काय?" मी म्हटलं, "बाबा, डोकं दुखतच नाही यात, म्हणूनच तर कळत नाही. तुम्हाला डोळे हवेत का पाय वर हवेत?" दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर देवघराच्या भिंतीशी सतरंजी टाकून ताठ बसून प्राणायाम चाललेला. काचबिंदूच्या रुग्णांवर इतर आसनांचाही अभ्यास झालाय, अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर, कंबर वर), उत्तानासन (उभ्याने पुढे वाकणं), हलासन, भिंतीशी पाय वर टाकून झोपणं, सगळ्यांत दाब वाढला, सगळ्यात जास्त अधोमुख श्वानासनात. म्हणजे ज्या आसनाला आपण उलटं धरतच नाही ते. चाळिशीनंतर शीर्षासन-सर्वांगासन सुरू करायचं असेल तर एकदा डोळ्यांचा दाब तपासून घ्या, घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच घ्या.

बाकी कुणी करू नये तेही सांगून टाकते. रक्तदाब वाढलेला असेल आणि आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, पक्षाघात होऊन गेलेला असेल, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं असेल, मानेत स्पाँडिलायटिस असेल किंवा हातात कळ जात असेल, हाडं ठिसूळ झालेली असतील, तर पूर्ण सर्वांगासन नाही, डॉक्टरांना विचारून जे जमेल ते. गरोदरपणात नव्याने शिकायचं नाही. पाळीच्या दिवसांत करावं का यावर वाद आहेत, अय्यंगार पद्धतीत नको म्हणतात, अपाय होतोच असं काही सिद्ध झालेलं नाहीये, पण त्या दिवसांत शरीर आडवं व्हायला मागत असतं तर द्यावं ना त्याला, मी स्वतः नाही केलं कधी. आणि २१ जूनच्या योग दिनाचा जो सरकारी सामायिक कार्यक्रम आहे त्यात सेतुबंध आहे, उत्तानपाद आहे, अर्धहलासन आहे, पण सर्वांगासन किंवा शीर्षासन नाही. मैदानात हजारो लोक, कुणाचं काय दुखणं माहीत नाही, तिथे हे आसन नसणं मला अगदी योग्य वाटतं.

ज्यांना पूर्ण आसन जमणार नाही किंवा करायचंच नाही त्यांनी हिरमुसून जाऊ नका, कारण भिंतीशी केलेली विपरीत करणी ही काही नापासांची सोय नव्हे. आमच्या गल्लीत पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक मावशी आहेत, पहाटे पाचपासून दुपारपर्यंत गॅससमोर उभ्या, संध्याकाळी पुन्हा तेच. पोटऱ्यांच्या शिरा निळ्या फुगलेल्या, घोट्याला सूज, चपलेचा पट्टा रुतायचा. डॉक्टरांना दाखवून झालेलं, ते मोजे घाला म्हणाले, पाय वर ठेवून झोपा म्हणाले. मला म्हणाल्या, "पाय वर ठेवायला वेळ कुठंय गं बाई, आणि उशीवर ठेवले तर कंबर धरते." मी त्यांच्याच खोलीत, पिठाच्या पोत्यांमधली भिंत मोकळी केली. लोड भिंतीपासून वीतभर पुढे. आधी लोडावर आडवं, एका कुशीने भिंतीला चिकटून बसायचं, मग एक हात मागे टेकून वळायचं, वळता वळता पाय भिंतीवर आणि पाठ खाली, म्हणजे कंबर लोडावर, बैठकीची हाडं लोड आणि भिंतीमधल्या फटीकडे किंचित उतरलेली, खांदे-डोकं जमिनीवर, हात बाजूला मोकळे. पहिल्यांदा त्या वळल्या आणि लोड सरकला, दुसऱ्यांदा लोडाच्या पुढे विटा लावल्या. तिसऱ्यांदा बसल्या बरोब्बर. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पायातून काहीतरी खाली उतरतंय गं." म्हटलं, "उतरू द्या मावशी, बोलू नका." पाच मिनिटांनी पायांना मुंग्या आल्या, तर गुडघे वाकवून तळपाय जोडून जवळ घ्यायला सांगितलं, की मुंग्या गेल्या. आता त्या दुपारची भांडी घासायला टाकली की दहा मिनिटं भिंतीशी असतात, मदतीला येणारी पोरगी फोन घेते. शिरा गेलेल्या नाहीत, त्या जात नसतात अशा, पण संध्याकाळची सूज कमी असते आणि चपलेचा पट्टा एक भोक आत बसतो.

मधला रस्ताही आहे. भिंतीपासून योग्य अंतरावर घड्या मांडून झोपायचं, तळपाय भिंतीवर, गुडघे काटकोनात, आणि भिंतीला पायाने रेटा देत कंबर उचलायची, हात पाठीवर. यात पाय भिंतीवर असल्यामुळे वजन मानेवर येत नाही आणि खांदे गुंडाळायला निवांत वेळ मिळतो. माझं मत विचाराल तर प्रत्येकाने काही महिने फक्त हेच करावं, आणि एकेक पाय भिंतीवरून सोडून बघावा, जमतंय का. खुर्चीवरचं सर्वांगासन तर फार सुखाचं, पण ते पहिल्यांदा शिकवणाऱ्याच्या हाताखालीच, खुर्चीतून मागे खाली सरकताना आधार हवा. सेतुबंध विटेवर हेही याच घरातलं, कंबरेखाली वीट आडवी, खांदे जमिनीवर, तळपाय जमिनीवर, दमून आलेल्या संध्याकाळी याच्याइतकं चांगलं काही नाही.

सर्वांगासनानंतर लगेच मत्स्यासन घ्यावं की नाही यावर दोन घराणी आहेत. बऱ्याच क्लासेसमध्ये मान उलट दिशेला न्यायची म्हणून लगेच मत्स्यासन घेतात. मी शिकले त्या पद्धतीत तसं नाही, एका टोकाला ताणलेली मान लगेच दुसऱ्या टोकाला टाकायची नाही, आधी शांत पडून राहायचं, मग सेतुबंध किंवा बसून पुढे झुकायची आसनं. मला हे दुसरं जास्त मानवतं. तुमच्या शिक्षकांनी पहिलं सांगितलं असेल आणि मानेला बरं वाटत असेल तर तेच चालू ठेवा, पण उतरल्यावर निदान दहा-बारा श्वास तरी मधे जाऊ द्या.

वेळेचं म्हणाल तर जेवणानंतर चार तास, साध्या खाण्यानंतर दोन, आणि चष्मा, गळ्यातलं, कानातलं काढून ठेवायचं, मंगळसूत्र हनुवटीखाली रुततं. सुरुवातीला अर्धा मिनिट भरपूर झालं, नियमित करणाऱ्याला तीन ते पाच मिनिटं. उतरताना घाई अजिबात नको, मानेला इजा उतरतानाही होऊ शकते. आधी पाय हलासनात किंवा स्टुलावर, हात पाठीवरून सोडून तळवे जमिनीवर पाठीमागे दाबायचे, आणि मग गुडघे वाकवून मणका मणका खाली, डोकं उचलायचं नाही, ते उचललं की पाय धाडकन पडतात. कंबर टेकली की लगेच न उठता तसंच मागे सरकायचं, पायांकडे नाही तर डोक्याकडे, म्हणजे खांदे घडीवरून उतरून जमिनीवर येतात आणि पाठ घडीवर राहते. गुडघे वाकलेले, पावलं जमिनीवर. मिनिट-दोन मिनिटांनी उजव्या कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं, डोकं सगळ्यात शेवटी. चहा त्यानंतर अर्ध्या तासाने, आणि घड्या उलगडून न ठेवता तशाच ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी कडा पुन्हा जुळवत बसायला लागत नाही.